ईशूच्या जबड्यातली खिडकी

आक्का, तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी फुलंब्रीच्या मोठ्याआई, तुमच्या थोरल्या काकू, मला आनंदाची बातमी द्यायला आल्या. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते. राख सावडून पुरुषमंडळी नुकतीच परतली होती, दाराशी चपलांचा नुसता खच पडला होता. मोठ्याआईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुरेखा, रडू नगंस. नणंद गेली, पण एक तरी चांगलं झालं बघ. ईशूच्या तोंडातली जखम भरत आली. भोक पार बुजायला लागलंय!"

मी तशीच उठून ईशूला हाका मारायला लागले.

दुसऱ्या कुठल्याही आईनं हे ऐकून देवाला हात जोडले असते. पण ते भोक बुजू नये म्हणून तुम्ही उन्हाळ्यापासून जिवाचं रान केलं होतं, आणि हे त्या भरल्या घरात कुणाकुणाला समजावून सांगायचं? आयुष्यभर बायांना एकच शिकवलेलं असतं, जखम झाली की हळद भरा, फडकं बांधा, बुजली की सुटलो. उघडी ठेवायची जखम कुणी पाहिलीय? मी तरी कुठं पाहिली होती!

आठवतं का, ईशूचा डावा गाल सुजला तेव्हा मी गालगुंड म्हणून चुना लावत बसले होते. तुम्ही तिचं तोंड उघडायला लावलंत, बोटानं हिरडी चाचपलीत आणि एवढंच म्हणालात, "हे दाढंचं दुखणं नाय. चल, चप्पल घाल." दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. त्यात आपल्या अकरा वर्षांच्या पोरीच्या जबड्यात, एका बाजूला, लिंबाएवढं काळं दिसत होतं. त्या काळ्याच्या तळाशी एक दात आडवा पडलेला. डॉक्टर म्हणाले गाठ आहे, पाण्याची पिशवी असते तशी, आत पाणी साचत जातं आणि हाड झिजत जातं. मी पुढचं काही ऐकलंच नाही. मला फक्त ते काळं दिसत होतं.

मग खासगीतल्या मोठ्या सर्जनकडे गेलो. माणूस सरळ होता, उगाच गोड बोलला नाही. हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ झालंय म्हणाले. सबंध गाठ काढू, सोबत आत आलेले दात जातील, वेळ पडली तर जबड्याचा तेवढा तुकडाही काढावा लागेल आणि तिथं धातूची पट्टी बसवू. एकदाच करू म्हणजे विषय संपेल. आणि खरं सांगते आक्का, मला ते आवडलं. भ्यालेल्या माणसाला 'विषय संपेल' हे दोन शब्द फार गोड लागतात. मी पदर सावरून 'तारीख द्या' म्हणणार, तेवढ्यात तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. "डॉक्टरसाहेब, पोरगी वाढायची हाय अजून. तुकडा काढल्यावर त्या बाजूचा जबडा कुठून वाढंल?" ते म्हणाले, "हा प्रश्न बरोबर आहे. तुम्ही अजून एक मत घ्या."

एसटीत कंडक्टरकी केलेली बाई. भर गर्दीत दोन्ही दारांकडे एकाच वेळी लक्ष ठेवायची सवय. माझं तेव्हा एकाही दाराकडे लक्ष नव्हतं.

दंतमहाविद्यालयाच्या दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरबाई आपण दोघींनी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला त्या कॉलेजातल्या विद्यार्थिनीच वाटल्या. त्यांनी कागदावर जबडा काढला, त्यात गोल काढला. म्हणाल्या, ही पिशवी आत्ता काढायचीच नाही. हिला तोंडाच्या बाजूनं एक खिडकी पाडायची. आतलं पाणी वाहून गेलं की दाब जाईल, दाब गेला की हाड स्वतःच आतून भरत येईल आणि पिशवी आक्रसत जाईल. आडवा पडलेला दातही वाट मिळाली तर उभा राहून वर येईल. मोठ्या माणसापेक्षा लेकरात हे चांगलं होतं. "पण वेळ लागतो. महिनोन्‌महिने. आणि रोज, प्रत्येक जेवणानंतर, आतून धुवायचं. खिडकी उघडी राहिली पाहिजे. ती बुजली तर आत पुन्हा पाणी साचणार."

बाहेर आल्यावर आपलं भांडण झालं. चहाच्या टपरीवर, लोकांसमोर. मी म्हणाले, महिनोन्‌महिने ते काळं घेऊन पोर फिरणार का? माझा जीव राहील का तोवर? आजच्या आज काढून टाकू. तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात. "सुरेखा, गाडी लागायला उशीर झाला म्हणून कुणी स्टँड पाडत नसतंय."

मला हसू आलं नाही. आज येतंय, आणि आज हसायला तुम्ही नाही.

खिडकी पाडली. आतला एक तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंत मी अन्न गिळलं नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, पण तुम्हीही गिळलं नव्हतं. ताटात भाकरी कुस्करून ठेवत होतात, मी पाहिलं होतं. रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ, भयंकर काही नाही. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच डॉक्टरबाई म्हणाल्या की लक्ष मात्र ठेवावं लागेल, काही गाठी पुन्हा डोकं वर काढतात. ते वाक्य माझ्या पोटात जे जाऊन बसलं ते अजून उठलेलं नाही.

सुरुवातीला औषधाची पट्टी आत भरायचे. मग डॉक्टरबाईंनी ईशूच्या मापाचं एक गुलाबी बूच बनवून दिलं, शेजारच्या दाताला तारेनं अडकणारं. ते काढायचं, सिरिंजनं मिठाचं उकळून गार केलेलं पाणी आत मारायचं, बूच स्वच्छ करून लगेच परत बसवायचं. दवाखान्यात त्यांनी मला करून पाहायला सांगितलं. माझा हात असा हलला की पाणी ईशूच्या कानात गेलं. तुम्ही माझ्या हातातून सिरिंज काढून घेतलीत. "भित्री भागूबाई, तू हो बाजूला."

बाजूला झाले ती झालेच. आपल्याकडं नळाला पाणी येणार आठवड्यातून एकदा, आलं तर. पण ईशूच्या पाण्याचं पातेलं तुम्ही वेगळं काढलंत, त्याला कुणी हात लावायचा नाही. जेवण झालं की तुमचा पुकारा व्हायचा, "चला, तोंड उघडा! आतले पुढं सरका!" मग पाण्याची धार, आणि ईशू पेल्यात थुंकली की तुमची तपासणी. "हे बघ, तुरीच्या डाळीचं साल. बिनतिकिटाचं बसलं होतं व्हय रं? उतर खाली!" ईशू खो-खो हसायची. मी तेवढा वेळ मागच्या खोलीत उभी राहायची, दोन्ही कानांत बोटं घालून. हसण्याचा आवाज आला की समजायचं, झालं.

मला तुमचा हेवा वाटायचा, आक्का. माझी लेक माझ्या हाताला बिचकायची आणि तुमच्यापुढं वासरासारखी तोंड उघडून बसायची. एकदा मी तिच्या बाबांना म्हणालेसुद्धा, की आत्यानं पोरगी खिशात घातली. ते म्हणाले, "घालू दे. तो खिसा मजबूत हाय."

पण एका गोष्टीवर आपलं जमलं नाही ते नाहीच. मी ईशूला सांगितलं होतं की दाढ किडलीय, तिच्यावर उपचार चाललेत. गाठ हा शब्द घरात काढायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. आणि तुम्ही एका दुपारी तिला समोर बसवून एक्स-रेचा तो कागद उजेडात धरलात आणि सगळं सांगून टाकलंत. हे हाड, ही पिशवी, हा तुझा झोपलेला दात. मी किती बोलले तुम्हाला! लेकराच्या मनावर काय परिणाम होईल, कळतं का तुम्हाला, तुम्हाला पोर असती तर कळलं असतं. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. तुम्ही तो कागद पाकिटात घातलात. मग फक्त म्हणालात, "खोटं सांगितलेलं लेकरू अंधारात चाचपडतंय, सुरेखा. त्याला लई भ्या वाटतंय." त्यावर मला बोलायचं होतं. अजून बोलायचंय. भांडण अर्धवट टाकून जायची तुमची सवय नव्हती.

आणि मला तुमच्याशी आणखी एका गोष्टीवरून भांडायचंय. छातीत जळजळतंय म्हणून आठवडाभर सोडा पीत होतात. दुसऱ्याच्या पोरीला तीन-तीन डॉक्टरांकडे फिरवणाऱ्या बाईला स्वतःची छाती एकदा दाखवता आली नाही? मी म्हणाले होते, चला. तुम्ही म्हणालात, "आधी ईशूची दिवाळीनंतरची तारीख येऊ दे." अशी कुठली गाडी चुकणार होती हो तुमची?

त्या दुपारी जेवणं झाली. तुम्ही ईशूचं बूच काढलंत, वाटीत ठेवलंत आणि पाणी आणायला आत वळलात. ओट्यापाशी जरा टेकलात. पुढचं मी लिहीत नाही.

घरात मयत झालं की चूल पेटत नाही, हे काय मी तुम्हाला सांगू? शेजारच्या शबानाभाभींनी खिचडी आणि थर्मासभर चहा पाठवला. फुलंब्रीहून पिठलं-भाकरी आली. सगळ्यांच्या खाण्यापिण्याचं झालं. पण गॅस पेटला नाही म्हणजे पाणी उकळलं नाही, हे एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी तुमच्या पायाशी बसून होते, नंतर तुमच्या रिकाम्या जागेपाशी. ईशू खाते आहे की नाही एवढंच मी कुणाकुणाला विचारत होते. तिच्या तोंडाला वास येतोय हे मोठ्याआईंनी ओळखलं. बिचाऱ्यांनी शेजारून कोमट पाणी आणलं, त्यात तुरटी फिरवली आणि पोरीला दोन दिवस मायेनं गुळण्या करायला लावल्या. तुरटीनं जखम आवळते. आवळली.

मी ईशूला खोलीत नेलं. "बूच कुठंय?" तिनं मूठ उघडली. तीन दिवस ते तिच्या मुठीत नाहीतर फ्रॉकच्या खिशात होतं. मी ओरडलेच तिच्यावर. "अगं मग घातलं का नाहीस?"

"धुतलं नव्हतं," ती म्हणाली. "आत्या धुतल्याशिवाय घालत नाही."

मी ते बूच धुतलं आणि बसवायला गेले. ते आत जाईना. जिथं तुमच्या करंगळीचं टोक गेलं असतं तिथं नुसती एक चीर उरली होती. मला एकदम ते सगळं दिसलं. आत पाणी साचतंय, ते काळं पुन्हा पसरतंय, आता सर्जनची ती पट्टी, तो तुकडा. तुमचे सगळे महिने वाया. आणि हे सगळं तुम्ही जाऊन तीन दिवस होतात न होतात तोच, माझ्या राज्यात!

दवाखान्यात निघाले तर दारात मोठ्याआई आडव्या आल्या. "सुतकात कुठं चाललीस पोरीला घेऊन? दहावा तरी होऊ दे." मी त्यांना कसंबसं सांगितलं की हे भोक बुजायचं नव्हतं. त्यांना आधी कळेना. मग कळलं, आणि त्या मटकन खाली बसल्या. "मीच बुजवलं की गं माझ्या हातानं." त्यांना धरून मीही रडले. त्यांची काय चूक? ईशूच्या बाबांचा गोटा केलेला, डोळे सुजलेले. त्यांनी कोपऱ्यातल्या चपला शोधून पायात सरकवल्या आणि म्हणाले, "आक्का असती तर एव्हाना रिक्षात बसली असती."

रिक्षावाल्याला काय कळलं कुणास ठाऊक, टी.व्ही. सेंटर चौकाच्या खड्ड्यांतून त्यानं रिक्षा अशी हळू काढली की मागचे हॉर्न मारून दमले. "बच्ची को पकडके बैठो भाभी, आराम से लेता मैं." मी ईशूला घट्ट धरलं होतं. कोण कुणाला धरून होतं, तेच कळत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी दिवा लावून पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टर गप्प बसला की माझ्या कानांत घूं होतं, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुम्ही माझं मनगट दाबायचात. मी माझंच मनगट दाबून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. एक्स-रे काढून आणा म्हणाल्या. मी त्या बाकावर बसून देवाला काय काय कबूल केलं ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला टाळ्या देऊन हसाल.

मग त्यांनी संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिलं ते आपलं काळं. दुसऱ्यात ते होतं, पण निम्मं सुद्धा राहिलं नव्हतं. कडेकडेनं सगळीकडून पांढुरकं धरत आलं होतं, दुधावर साय धरते तसं. आणि तो आडवा दात मान वर करून तिरपा उभा होता. "हे सगळं नवीन हाड आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खिडकी आवळलीय, पण पूर्ण बंद नाही. बधिर करायची सुई देऊन थोडी मोकळी करते, नवीन बूच बसवते. वेळेत आलात." मग ईशूकडे वळून म्हणाल्या, "इतकं छान कोण धुतं गं?"

"आत्या धुते," ईशू म्हणाली.

"आज आल्या नाहीत का त्या? पुढच्या वेळी आणा, त्यांना दाखवते हे," डॉक्टरबाई बोलून गेल्या आणि मग त्यांची नजर ईशूच्या बाबांच्या डोक्याकडे गेली. त्यांनी हातातला हातमोजा काढला, पुन्हा घातला. आक्का, ते पांढरं तुमचं आहे. तुम्ही ते पाहिलंच नाहीत, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तुमच्या जाण्याइतकंच वाईट वाटतं.

पण घरी आल्यावर आनंद करायला मला फुरसत नव्हती. आता रोज कोण धुणार? ईशूच्या बाबांची बिडकीनच्या कारखान्यात पाळी, कधी सकाळची कधी दुपारची. घरात उरले मी. पहिल्या दिवशी त्यांनीच धुतलं, दुसऱ्या दिवशीही. आज त्यांना कामावर हजर व्हायचं होतं. जाताना ते माझ्याकडे पाहत राहिले, मी मान हलवली. दार लागलं तसं मी तुमचं पातेलं काढून पाणी उकळलं, गार केलं.

ईशू आपणहून येऊन बसली. तोंड मात्र उघडेना. मी सिरिंज भरली, आणि ती माझ्या हातात अशी थरथरत होती की निम्मं पाणी साडीवरच सांडलं. मग मी तिच्याशी खोटं बोलायचं म्हटलं, की काही नाही गं, सोप्पंय, आई रोज करू शकते. ते शब्द घशापर्यंत आले. आणि मी म्हणाले, "ईशू, मला भीती वाटते. चुकलं तर काय, याची. ती गाठ परत आली तर काय, याचीसुद्धा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, किती दिवसांत. "आत्यालापण वाटायची," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. तिचा पण हात हलायचा. मग ती कोपर माझ्या मांडीवर दाबून ठेवायची. म्हणायची, तुझ्या आईला सांगू नगंस, घरात भ्यायला एक माणूस बास हाय."

मी मागच्या खोलीत कानांत बोटं घालून उभी असायची तेव्हा तुम्ही इथं, या पाटावर, घाबरलेल्या हातानं माझ्या लेकीचा जबडा वाचवत होतात, आणि वर बिनतिकिटाचे प्रवासी उतरवत होतात. मला का नाही सांगितलंत? मी काय दुबळीच राहणार होते का कायमची? की मला आधार हवा म्हणून तुम्ही खोटं बोललात, मी ईशूशी बोलत होते तसंच? आता हे भांडण कुणाशी भांडू?

मी कोपर ईशूच्या मांडीवर दाबलं. हात हलायचा थांबला नाही, पण कमी झाला. तिनं तोंड उघडलं. खिडकी लालसर होती, ताज्या कापाची, आणि आत अंधार. मी टोक लावलं आणि दट्ट्या दाबला. जरा जोरात दाबला गेला. ती कळवळली, पाणी घशात गेलं, ठसका लागला. मला वाटलं आता उठून पळणार ही. ती पेल्यात थुंकली, डोळे पुसले, पुन्हा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा मी हळू दाबलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत दाबत राहिले. मग बूच धुऊन तिच्या हातात दिलं, तिनं आरशात पाहून ते स्वतः अडकवलं.

"दुखलं," ती म्हणाली.

"हो गं. माझ्याकडून जोरात गेलं."

दप्तर उचलता उचलता ती म्हणाली, "संध्याकाळी पण तूच कर."

मी हो म्हणाले, आक्का. घाबरत म्हणाले, पण म्हणाले.